येथे ट्रेवाला पडतो

चहाचा कप समोर ठेवला की काका तो लगेच उचलायचे नाहीत. आधी नाक चांगलं हातभर लांब ठेवून, कपावरून उजव्या हाताचा तळवा हळूच फिरवायचे आणि वाफ आपल्याकडे ओढून घ्यायचे. दोनदा. मग मान हलवायची, मग पहिला घोट. नवख्या माणसाला वाटायचं, म्हातारा चहाची आरती घेतोय. आमच्या बाजूच्या टपरीवाल्याने तर एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, माझ्या चहावर यांना कसला संशय आहे?"

संशय वगैरे काही नव्हता. मोहोपाड्याच्या एका केमिकल कारखान्याच्या प्रयोगशाळेत काकांची सगळी नोकरी गेली. बाटलीला नाक लावून वास घेणारा माणूस तिथे फार दिवस टिकत नाही, हे त्यांना पहिल्याच दिवशी शिकवलेलं. नोकरी संपली, हात फिरवायचा राहिला. वरणावरही फिरवायचे. लग्नाच्या पंगतीत मठ्ठ्यावर फिरवताना मी स्वतः पाहिलंय, आणि वाढणारा बिचारा पातेलं घेऊन तसाच उभा.

दुसरी सवय म्हणजे एक वाक्य. "नोंद पायजे." कशाचीही. आज लाईट किती वाजता गेली, पन्हाळी कुठून गळते, टपरीवाल्याने साखर कधीपासून कमी केली. खिशातून छोटी वही निघायची, पेन निघायचं. "बाय, तोंडी काय कोणी पण सांगतं. नोंद पायजे."

माझं दुकान खालापूरला, तहसील कचेरीसमोर. झेरॉक्स, सातबारा, उत्पन्नाचा दाखला, परीक्षेचे फॉर्म, आधारचा गोंधळ. दिवसभर लोक माझं डोकं खातात आणि त्यावरच माझं पोट चालतं, त्यामुळे तक्रार नाही. आठ-नऊ वर्षांपूर्वी एका दुपारी काका आत आले, रुमालाने खुर्ची पुसली, बसले आणि म्हणाले, "बाय, वेबसाइट करायची हाय."

"कशाची?"

"पडण्याची."

मी आधी त्यांच्या हातापायाकडे बघितलं. कुठे प्लास्टर दिसेना. मग त्यांनी पिशवीतून कारखान्याच्या छापाचं जाड रजिस्टर काढून माझ्यासमोर उघडलं. नमुना क्रमांक, वेळ, कोण पडले, कशावरून, कोणत्या अंगावर, शेरा. पानंच्या पानं भरलेली, निळ्या शाईत, रेघा आखून. शेऱ्यात कुठे "उत्तम", कुठे "बरा", आणि एका ठिकाणी लाल शाईत "ओढूनताणून".

तर गोष्ट होती खांब आणि खुंटीची. तुमच्यापैकी ज्यांचे केस पांढरे आहेत ते आत्ताच हसायला लागले असतील. बाकीच्यांसाठी सांगते. जुन्या काळ्यापांढऱ्या चित्रपटांतली ही विनोदी जोडी. खांब म्हणजे सहा फुटी, वाळका, सदा खूश. खुंटी म्हणजे त्याच्या कोपराला लागणारा, गोल, सदा चिडलेला. दोघे कुणाकडे तरी काहीतरी दुरुस्त करायला येतात. गळका नळ, बंद पडलेलं घड्याळ, सरकलेलं कौल. आणि जातात तेव्हा त्या घरात दुरुस्त करण्यासारखं काही उरलेलंच नसतं. मला एवढंच माहीत होतं, की घरात कुणाच्या हातून काही फुटलं की माझे वडील म्हणायचे, "आली बघा खांब-खुंटी."

त्या दोघांचे बावीस चित्रपट. काकांनी ते कुठून कुठून जमवले होते आणि प्रत्येकातलं प्रत्येक पडणं घड्याळ लावून लिहून काढलं होतं. एकदा बघून नव्हे. "तीन रीडिंग घेतल्याशिवाय आकडा लिवायचा नाय," म्हणायचे. तीनदा बघायचं आणि तिन्ही वेळा जुळलं तरच रजिस्टरात. लोक विनोदी सिनेमा बघून पोट धरून हसतात. काका भुवया आवळून बसायचे, आणि खांब शिडीवरून खाली आला की म्हणायचे, "उजवा कुल्ला. लिव."

पण काकांचा खरा माणूस खांबही नव्हता आणि खुंटीही नव्हता. तो होता ट्रेवाला.

बावीसही चित्रपटांत कुठेतरी एक माणूस ट्रे घेऊन येतो. कधी सरबताचे पेले, कधी लाडू, कधी औषधाच्या बाटल्या. तो या दोघांच्या मध्ये सापडतो, पडतो, आणि चित्रपटातून जातो. एक शब्द बोलत नाही. नावांच्या पाटीत त्याचं नाव नाही. "आणि इतर" मध्ये गेला बिचारा. काकांना त्याचं नाव हवं होतं. वेबसाइटचा सगळा खटाटोप त्या एका नावासाठी होता.

"कशाला हो एवढं?" मी विचारलं.

तेव्हा काकांनी जे सांगितलं ते असं. लग्न होऊन काकू मोहोपाड्याच्या स्टाफ कॉलनीत आल्या, त्या आल्यापासून गप्प. दोन महिने. कारखान्याचा वास, भोंगा, शेजारी परक्या भाषेचे. बोललं तर हूं, नाही तर तेही नाही. हसण्याचं नावच नको. मग एका संध्याकाळी कॉलनीच्या मैदानात चादर बांधून खांब-खुंटीचा चित्रपट दाखवला. ट्रेवाला सहा पेले घेऊन आला, पडला, आणि काकू हसल्या. अशा हसल्या की पुढच्या रांगेतली माणसं मागे वळून बघायला लागली. पदराने डोळे पुसत त्यांनी नवऱ्याला आपणहून पहिला प्रश्न विचारला, "त्याचं नाव काय हो?"

काका म्हणाले, "बघून सांगतो."

या गोष्टीला चाळीस वर्षं होऊन गेलेली. काकू अजून विचारत होत्या. कधी भाकरी थापताना, कधी चिडवायला, कधी चारचौघांत. "कळलं का नाव? नाय ना? एवढा मोठा लॅबवाला!"

तर आम्ही वेबसाइट करायला बसलो. मी म्हटलं, तयार साचे मिळतात, दहा मिनिटांत होईल. काकांना ते नको. एक जुनं पुस्तक मिळवलं आणि वेबपानाची आज्ञावली एकेक ओळ स्वतः टंकायला शिकले, एका बोटाने. मी हौसेने मागे फिकट गुलाबी रंग टाकून दाखवला. काकांनी त्या पडद्याकडे असं बघितलं की जणू नमुन्यात झुरळ निघालंय.

"पांढऱ्यावर काळं," ते म्हणाले. "शिनेमे तसेच होते. बाकी रंग नाय पायजेत."

आणि पान तयार झालं. प्रत्येक चित्रपटाखाली पडण्यांची यादी, आणि प्रत्येक यादीत एक ओळ ठरलेली. "येथे ट्रेवाला पडतो. नाव : " आणि पुढे रिकामी जागा. बावीस चित्रपट, बावीस रिकाम्या जागा.

तळाशी भेट देणाऱ्यांचा आकडा होता. पहिल्या महिन्यात तो इतका सावकाश हलायचा की मला काकांची दया यायला लागली. मग मी रोज सकाळी दुकान उघडलं की एकदा ते पान उघडायची. तेवढाच एक वाढायचा. पंधरा दिवसांनी काका वही घेऊन हजर.

"बाय, रोज दहाच्या सुमारास खालापूरहून एक माणूस येतो. तो तू हायस."

मी कान पकडले.

"राग नाय. पण वजा करायला लागतं," असं म्हणून त्यांनी वहीत पंधरा वजा केले. त्यानंतरही मी रोज उघडायची आणि ते रोज वजा करायचे. 

मग लोक यायला लागले. खरे लोक, आमच्या दोघांशिवायचे. त्यांतले एक वऱ्हाडातले निवृत्त हेडमास्तर. यांचीही खांब-खुंटीवर वेबसाइट! पण ती म्हणजे नुसती जत्रा. लुकलुकणारे दिवे, पान उघडलं की ढोलकी, कोपऱ्यात नाचणारा खुंटी. काकांना ते बघून घाम फुटला. त्यात गुरुजींनी लिहिलं होतं की अमक्या चित्रपटात खुंटी घसरून पडतो. काकांच्या नोंदीप्रमाणे त्याला खांबाचं कोपर लागतं. झालं. दीड वर्ष पत्रापत्री चालली. काका सांगायचे, मी टंकायची. "आदरणीय गुरुजी, स.न.वि.वि. आपण चष्मा बदलावा ही नम्र विनंती." तिकडून यायचं, "आदरणीय साहेब, पाय घसरतो तेव्हा कोपर कुठे असते हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते." मला तर तो पोरकटपणा इतका आवडायचा की दाखल्यांची रांग थांबवून मी ती पत्रं आधी वाचायची.

आणि याच गुरुजींनी एक दिवस पांढरं निशाण फडकवलं. जुन्या बाजारात त्यांना शूटिंगच्या वेळचा एक फोटो मिळाला होता. झाडाखाली सगळी मंडळी जेवायला बसलीत, टोकाला ट्रेवाला, हातात ट्रे नाही म्हणून ओळखायला जरा वेळ लागतो. फोटोच्या मागे पेन्सिलीने पानं किती वाढायची त्याची यादी. आठ-दहा नावं, आणि शेवटी : "धर्मा, शेलू."

काका पडद्याकडे बघतच राहिले. मुंबईच्या कुठकुठल्या स्टुडिओंना त्यांनी पत्रं लिहिली होती. आणि माणूस निघाला शेलूचा. आमच्या कर्जतच्या पलीकडे, नेरळनंतरचं स्टेशन!

दुसऱ्याच दिवशी दुकान बंद ठेवून मी स्कूटी काढली. काकांनी आपल्या टोपीवर हेल्मेट घातलं आणि मागे बसून अख्ख्या रस्त्याने मला वेग कमी करायला लावला. शेलूला आता टॉवर उभे राहिलेत, अर्धं गाव नवं. आम्ही जुन्या वस्तीत गेलो आणि एका किराणा दुकानात धर्मा नावाचा सिनेमातला माणूस विचारला. दुकानातला म्हातारा हसला. "धर्मा तरे? पडक्या? तो कवाच गेला. पोरगी हाय त्याची, ती काय मागल्या आळीला."

पोरगी म्हणजे साठीची बाई. घर नीटनेटकं, दारात तुळस. त्यांनी आम्हाला बसवलं, चहा केला. काकांनी कपावर हात फिरवला. बाई बघत राहिल्या. "चहाला वास येतो का?"

"नाय नाय. सवय."

मग काकांनी फोटो पुढे केला आणि बाईंचा चेहराच बदलला.

"तो माजा बाप नाय," त्या म्हणाल्या. मग फोटो हातात घेऊन म्हणाल्या, "हाय. पण तुमी हे कुठं लिवायचं नाय."

आणि मग त्यांनी सांगितलं. त्या चौथीत असताना गावात सिनेमाचा तंबू लागला, आणि त्यात खांब-खुंटीचा एक चित्रपट आला. बाप पडला, सगळं गाव हसलं. दुसऱ्या दिवसापासून पोरं मागे लागली. पडक्याची पोर, पडक्याची पोर. शाळेच्या रस्त्यावर मुद्दाम हिच्यासमोर येऊन धाडकन पडायची आणि उठून हसायची. हिने शाळाच सोडली. "बाबांनी सगळ्यांना सांगितलं, तो मी नाय, माज्यासारखा दिसणारा कोणतरी हाय, मी मुंबईला गिरणीत कामाला. मरेपर्यंत तेच बोलत राहिले, माज्यासाठी. आता तुमी त्यांना खोटं ठरवणार?"

मी काकांकडे बघितलं. चाळीस वर्षं ज्याच्या मागे लागले ते नाव समोर होतं, खिशात पेन होतं. पेन निघालं नाही.

"नाव काय त्यांचं, पुरं?" काकांनी विचारलं. "लिवत नाय. नुसतं ऐकतो."

"धर्मा गोमा तरे."

"नाव कुणाला दिसणार नाय, ताई. माझा शब्द हाय."

परत येताना कर्जतला मी वड्यासाठी थांबले. काकांनी वडा हातात धरला आणि तसाच कागदात गुंडाळून पिशवीत ठेवला. त्या दिवशी मला त्यांचा फार राग आला. मनात म्हटलं, एवढ्या वर्षांची तपश्चर्या आणि एका बाईच्या दोन वाक्यांवर पाणी सोडलंत? पण त्यांचं तोंड बघून कुणालाच बोलवलं नसतं.

खरी पंचाईत घरी होती. काकू दारातच उभ्या. "कळलं का नाव?"

काकांना खोटं बोलता येत नसे. "कळलं."

"मग?"

"सांगता येणार नाय. शब्द दिलाय."

"बायकोला पण?"

"सगळ्यांनाच."

चार दिवस काकूंनी अबोला धरला. जेवायला वाढताना फक्त पळीचा आवाज. पाचव्या दिवशी मला फोन, "बाय, तू संगं होतीस ना? तू सांग." मी म्हटलं, काकू, मीही शब्दात अडकले. त्यांनी फोन ठेवून दिला. मी आणि काकांनी त्या काळात काकूंचे जे टोमणे खाल्ले, त्यांचं वेगळं रजिस्टर झालं असतं. पण टोमण्यांच्या तळाशी काय होतं ते मला कळत होतं. आपल्या माणसाने आपल्याला एक गोष्ट सांगायचं कबूल केलं, ती त्याच्यापाशी आहे आणि तो देत नाही. याचं वाईट वाटणारच की!

यानंतर काका दुकानात येऊन काहीतरी विचित्रच करायला लागले. कोपऱ्यातल्या संगणकावर बसायचे, एका बोटाने टकटक टंकायचे, मग वेबसाइट उघडून बघायचे. पान होतं तसंच. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. काका मात्र समाधानाने मान हलवायचे, चहाचा वास घेऊन झाल्यावर हलवायचे तशी.

"काय करताय काका?"

"नोंद."

"दिसत तर काहीच नाही."

"मग बरोबर हाय," म्हणाले आणि पुढच्या चित्रपटाकडे वळले. मी मनात म्हटलं, वय झालं. वाईटही वाटलं. बावीस दिवस हे चाललं होतं, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही.

गेल्या नवरात्रात काका गेले. सकाळी पेपर वाचता वाचता, कुणाला त्रास न देता. काकूंनी मला ते जाड रजिस्टर दिलं. म्हणाल्या, "त्या कम्प्युटरच्या डब्यातलं तू बघ. मला त्यातलं काय कळत नाय." मी रोज सकाळी पान उघडत राहिले. आता वजा करणारं कुणी नव्हतं.

दोनेक महिन्यांनी दुकानासमोर रिक्षा थांबली. मी तेव्हा दिलेला दुकानाचा पत्ता घेऊन शेलूच्या बाई उतरल्या, बरोबर कॉलेजातली नात. बाईंचा पारा चढलेला.

"तो चहावर हात फिरवणारा म्हातारा कुठं हाय?"

मी सांगितलं. बाई मटकन खुर्चीवर बसल्या. राग कुठे ठेवावा तेच त्यांना कळेना. मग हळू आवाजात म्हणाल्या, "त्यांनी शब्द दिला होता गं. आणि हिनं मोबाईलवर सहज पणजोबाचं नाव टाकलं, तर पहिलीच तुमची वेबसाइट आली."

मी शपथेवर सांगितलं, नाव तिथे नाही. पान उघडून दाखवलं. "येथे ट्रेवाला पडतो. नाव : " आणि पुढे कोरं. नात म्हणाली, "हो, मलाही दिसलं नाही. पण सर्चला येतं म्हणजे असणार." तिने माझ्या हातातून माउस घेतला, बटण दाबून धरलं आणि त्या कोऱ्या जागेवरून फिरवला.

निळी पट्टी उमटली आणि पट्टीत पांढरी अक्षरं.

"धर्मा गोमा तरे."

पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं म्हाताऱ्याने. डोळ्याला दिसणार नाही, शब्द मोडणार नाही, आणि नोंद तर पायजे! सर्च करणाऱ्या यंत्राला रंग दिसत नाहीत, हे बिचाऱ्याच्या जुन्या पुस्तकात नसणार. मी कपाळाला हात लावला. हसू की रडू तेच कळेना.

नात माउस फिरवत गेली आणि अक्षरं निघत गेली. नुसतं नाव नव्हतं. वरच्या काळ्या ओळीत "ट्रेवाला पडतो" आणि खालच्या पांढऱ्या ओळीत : "येथे श्री. धर्मा गोमा तरे पडतात. डाव्या खांद्यावर. ट्रे उजव्या हातात. पेले सहा, सहाही शाबूत. शेरा : अत्युत्तम. असे पडायला फार शिकावे लागते." पुढच्या चित्रपटात पुन्हा डावा खांदा. त्याच्या पुढच्यातही. एके ठिकाणी : "खांदा आधीच दुखावलेला दिसतो. तरी पडले."

बाईंनी नातीचा हात धरला. "बाबा डाव्या कुशीवर कधी झोपले नाय," त्या म्हणाल्या. "आमाला सांगायचे, गिरणीत पोतं पडलं." मग म्हणाल्या, "दाखवा मला. शाळेत होते तवा अर्धाच बघितला, पोरं हसाया लागली आणि मी पळाले."

मी काकांनी जमवलेल्यांतला सहा पेल्यांचा तो तुकडा लावला. दाराशी दाखल्यासाठी आलेली चार माणसं उभी होती, तीही वाकून बघायला लागली. खांब वळला, खुंटी ओरडला, आणि ट्रेवाला आला. आला, सापडला, उडाला आणि आडवा झाला, आणि त्याचा उजवा हात तेवढा वर, ट्रेसकट, एक थेंब न सांडता. दारातली चारही माणसं खो खो हसली. आणि त्यांच्याआधी, अर्धा क्षण आधी, बाई हसल्या. तोंडावर हात गेला पण उशीर झाला होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या.

"परत लावा," म्हणाल्या. तीनदा बघितलं. काकांच्या नियमाप्रमाणे तीन रीडिंग झाली. मग त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि सरळ बसल्या.

"अक्षरं काळी करा."

"सगळी?"

"सगळी. मी बसते."

बावीस ठिकाणी रंग बदलेपर्यंत बाई हलल्या नाहीत. मग मी त्यांना काकूंची गोष्ट सांगितली, आणि आम्ही त्याच रिक्षाने मोहोपाड्याला गेलो.

काकू तांदूळ निवडत होत्या. मी लॅपटॉप उघडायच्या आत बाईच पुढे झाल्या. "तो ट्रे घेऊन पडायचा ना, तो माजा बाप. धर्मा गोमा तरे."

काकूंचे हात सुपातच थांबले. "धर्मा," त्या म्हणाल्या. पुन्हा म्हणाल्या, "धर्मा गोमा तरे." मग भिंतीवरच्या काकांच्या फोटोकडे बघून म्हणाल्या, "एवढं सोपं नाव? मला वाटलं, काय भारी असंल."

आणि बाईंचा हात हातात घेऊन त्यांनी जे सांगितलं ते मला काकांनीही कधी सांगितलं नव्हतं. "त्या दिवशी मी पिशवी भरून ठेवली होती गं. सकाळच्या एसटीनं माहेरी जाणार, ते परत न येण्यासाठी. तुजा बाप पडला आणि मी ऱ्हायले. घरी आल्यावर ह्यांनी पिशवी बघितली. काय बोलले नाय. एकेक लुगडं काढून परत फळीवर ठेवलं."

आम्ही चौघीही रडलो, सांगायला लाज कसली. मग काकूंनी तो तुकडा बघितला आणि अशा हसल्या की शेजारीण काय झालं बघायला आली.

चहा झाला. काकू पानावरून बोट फिरवत होत्या, वाचता येईल तेवढं वाचत. मध्येच म्हणाल्या, "आणि ह्यांचं नाव कुठं हाय यात?"

मी शोधलं. वर नव्हतं, खाली नव्हतं. मग माउस दाबून अख्ख्या पानावरून फिरवला, प्रत्येक कोऱ्या जागेवरून, अगदी तळापर्यंत. कुठेही काही उमटलं नाही. सगळ्या जगाची नोंद ठेवणाऱ्या माणसाने स्वतःची ठेवली नव्हती.

"टाक," काकू म्हणाल्या.

"कोणत्या रंगात?"

काकूंनी जरा विचार केला. "पांढऱ्या. लोकांनी बघितलेलं त्यांना आवडायचं नाय."

म्हणून मीही इथे त्यांचं नाव लिहिलेलं नाही. पण ते आहे. पानाच्या तळाशी, भेट देणाऱ्यांच्या आकड्याच्या खाली, कोरी जागा दिसते ना, तिथे माउस फिरवून बघा. मी रोज सकाळी दहाला फिरवते.